बाळ्या बोकडाचं गुप्तदान

२०१८ साल. माझं वय एकाहत्तर. त्या साली मी माझ्याच घरातला बोकड चोरला.

'चोरला' हा शब्द आमच्या कारभारणीचा. माझा शब्द 'गुप्तदान'. गावानं दोन्ही शब्द ऐकून घेतले आणि कारभारणीचा ठेवला.

हे कसं झालं ते मीच नीट सांगतो, कारण लोणंदपासून साताऱ्यापर्यंत लोक ही गोष्ट सांगतात आणि दरवेळी वाढवून सांगतात. (परवा टेंपोत एकानं मलाच सांगितली. त्यात मी बैल चोरला होता!)

आमचं गाव लोणंदच्या अल्याड, चालत जाता येईल एवढ्यावर. गावात ख्रिस्ती घरं मोजकी, चर्च बैठं, कौलारू, अंगणात एक चिंच. पिकं घरात आली की आमच्यात कापणीचा सण असतो. ज्याच्या रानात जे पिकलं, ज्याच्या गोठ्यात जे वाढलं, त्यातलं चांगलं निवडून चर्चला आणायचं. भुईमुगाची पाटी, उसाची मोळी, कोंबडी, भोपळा. उपासना झाली की चिंचेखाली त्याचा लिलाव, आणि आलेला पैसा गोरगरिबाला. आमची रीत अशी, की चिंचेखाली आलेली वस्तू बोली लागल्याशिवाय परत जात नाही. आणि घेणाऱ्यानं ती घरी नेली तर लोक नाकं मुरडतात. परत दान करायची, म्हणजे परत बोली! एका साली एकच अंडं इतक्यांदा विकलं गेलं की शेवटी हातातच फुटलं. तरी त्या माणसानं पिवळा हात पुढं करून सांगितलं, "हे बी परत दान!"

माझा चुलतभाऊ शमुवेल फौजेतनं सुभेदार होऊन आलेला. पेन्शन आहे, मिशा आहेत, आणि चर्चला पंखे त्यानंच दिलेत. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल रंगात लिहिलंय : 'सुभेदार शमुवेल यांजकडून सप्रेम भेट'. पण पंखा फिरला की नाव दिसत नाही! म्हणून ऐन उन्हाळ्यात, भर उपासनेत, हा गडी उठतो आणि पंखा बंद करतो. पाहुणे वाचून होईपर्यंत आम्ही घामानं भिजतो.

सणाच्या आधीच्या रविवारी आमच्या तरुण पाळकसाहेबांनी दानावर उपदेश केला. उजवा हात काय देतो हे डाव्याला कळता कामा नये, देणाऱ्यानं डंका वाजवू नये, वगैरे. मी मान वळवून वर पंख्याकडं बघितलं, मग शमुवेलकडं बघितलं, मग परत पंख्याकडं. त्याला ते लागलं. बाहेर पडल्या पडल्या त्यानं मला गाठलं.

"याकोब, वर काय बघत हुतास रं?"

"न्हाई, पात्यावर कोळ्याचं जाळं हाय का बघत हुतो."

"मी पंखे तरी दिलं. तू काय देतोस गड्या? दरसाल एक भोपळा!"

"भोपळा माझ्या परसातला असतोय!"

"व्हय की. त्योबी आपसूक उगवल्याला!"

सगळी मंडळी हसली. म्हाताऱ्या बायासुद्धा हसल्या. मला चौथीत गुरुजींनी बाकावर उभं केलं होतं, त्यानंतर असा अपमान झाला नव्हता.

मी तिथंच मनात ठरवलं. ह्या साली असं दान द्यायचं, की ह्याचे पंखे लाजून बंद पडले पाहिजेत. आणि द्यायचं गुपचूप, उपदेशात सांगितलं तसं. मग लोक विचारतील, 'कोण हा थोर माणूस?' पाळकसाहेब चहूकडं बघतील, आणि मी जमिनीकडं बघीन. जमिनीकडं नेमकं कसं बघायचं, म्हणजे लोकांना कळेल पण मी सांगितलंय असं वाटणार नाही, याचा मी आठवडाभर घरी सराव केला. (कारभारणीनं दोनदा विचारलं, "काय सांडलंय का?")

आता द्यायचं काय? आधी फटफटी डोळ्यापुढं आली. चंदेरी टाकीची माझी फटफटी! मी ती रोज पुसायचो आणि सीटचं रेक्झिन ताणतं म्हणून कारभारणीलाही मागं बसवत नव्हतो. पण देवाला फटफटी काय करायची? देव काय लोणंदला जातोय?

मग माझी नजर बाळ्यावर पडली.

बाळ्या म्हणजे आमचा बोकड. काळाभोर, एक कान पांढरा, वासराएवढा. आमच्या कारभारणीनं, मार्थानं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. आमच्याकडं रान बाप्याचं आणि शेळ्या-कोंबड्या बाईच्या, हे लहान पोरालाही माहीत असतं. तिच्या कोंबडीचं अंडंसुद्धा तिला विचारून खायचं. पण मी हट्टाला पेटलो की माझी अक्कल वेगळ्या वाटेनं चालते. मी म्हटलं, गोठा माझा, खुंटा मी ठोकलेला, दोरी मी वळलेली. मग दोरीच्या टोकाला जे आहे ते कुणाचं?

(एक गोष्ट मला नंतर कळली, ती तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे मला शिव्या कुठं द्यायच्या ते समजेल. शेजारच्या सखूबाईची करुणा सांगलीला नर्सिंगला जायची होती. बाप नाही. तिच्या फीसाठी बाळ्या विकायचा, असं मार्थानं सखूला कबूल केलं होतं. सांगलीला त्याच आठवड्यात पैसे भरायचे होते. हे अख्ख्या आळीच्या बायकांना माहीत होतं.)

सणाच्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत मी बाळ्याला सोडला. तो मुकाट आला, कारण माझ्या खिशात बिस्किटाचा पुडा होता आणि त्याला फक्त दोनच गोष्टी कळत होत्या : बिस्कीट आणि माझा खिसा. चिंचेला बांधला, घरी आलो, आणि वाकळ डोक्यावरनं ओढून घोरायला लागलो.

"आवं उठा! बाळ्या गेला!"

"कुठं?"

"ठाव असतं तर तुमाला कशाला उठवलं असतं?"

मी गंभीर झालो. "मार्था, देव देतो, देवच नेतो."

"देव दोरीची गाठ सोडून नेत न्हाई! कुणीतरी मेल्यानं नेलाय!"

"अगं, सणाच्या दिवशी शिव्या दिऊ नये."

"जंवर घावत न्हाई तंवर दिणार!"

मी म्हटलं, आता बोलावं का? पण सांगितलं तर दान गुप्त कसलं! (आणि खरं सांगायचं तर तिच्या हातात तेव्हा खुरपं होतं.) मी म्हटलं, चर्चला आल्यावर बघेल, गळ्यात हार घातलेला बाळ्या, सगळे धन्य धन्य म्हणतायत, तिचा ऊर भरून येईल. सखूला आणि आळीतल्या बायकांना घेऊन ती ओढ्याकडं शोधायला गेली आणि मी परीटघडीचा सदरा घालून, उरलेला पुडा त्याच्या खिशात टाकून उपासनेला.

चर्चच्या पोरींनी खरंच बाळ्याला झेंडूचा हार घातला होता आणि बाळ्यानं तो अर्धा खाल्ला होता. उपासना संपली, सगळे चिंचेखाली जमले. पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, "मंडळी, कुणा थोर मनाच्या माणसानं नाव न सांगता हे दान दिलंय!"

झालं! माझी वेळ आली. मी जमिनीकडं बघितलं. असं बघितलं, असं बघितलं, की इतकं झकास पूर्वी कुणी बघितलं नसेल!

आणि सगळ्यांनी शमुवेलकडं बघितलं.

"सुभेदारसाहेब, तुमीच की!" एकजण म्हणाला.

आता ह्या माणसानं काय करावं? हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मिशीवरनं हात फिरवला, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाला, "असू द्या, असू द्या. नावात काय एवढं!"

नावात काय एवढं! पंखे बंद करणारा माणूस! मी खाकरलो. कुणी बघेना. मी जोरात खाकरलो. शेजारच्यानं माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

पहिली बोली लागायची, तेवढ्यात फाटकातनं मार्था आली. पदर खोचलेला, पायांना चिखल, मागं सखू आणि सगळी आळी.

"बाळ्या!!"

बाळ्यानं हार तोंडात ठेवूनच तिच्याकडं बघितलं.

"मावशी, हे दान आलंय," पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले. "बहुतेक सुभेदारसाहेबांनी..."

मार्था शमुवेलकडं वळली. "आवं भावजी! मिशा पांढऱ्या झाल्या आन् आता बोकडं चोरताय व्हय?"

"वहिनी! मी? माझा काय संबंध?"

"मग हितं मिशी कोण कुरवाळत हुतं?"

"ती मी... सवयीनं! फौजेची सवय हाय!"

"पोलीस पाटलाला बोलवा रं," मागनं कुणीतरी म्हणालं. शमुवेलच्या कपाळावर घाम आला. पंखाही नव्हता तिथं! खोटं कशाला बोलू, मला त्या घटकेला जे सुख लागलं ते पुऱ्या जन्मात लागलं नव्हतं. मी मनात म्हटलं, अजून जरा चालू दे. मग बघू.

तेवढ्यात वारा फिरला. बाळ्यानं नाक वर केलं, एक हिसडा देऊन दोरी सोडवली, गर्दीतनं शिंगं घालत वाट काढली, सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला, आणि अख्ख्या मंडळीसमोर माझ्या परीटघडीच्या सदऱ्याच्या खिशात तोंड घालून बिस्किटाचा पुडा बाहेर काढला. कागदासकट खाल्ला.

दान कुणी दिलं ते एकदाचं सगळ्यांना कळलं. मला हेच पाहिजे होतं की!

"म्हंजे..." मार्था सावकाश म्हणाली, "बोकड माझा, आन् दान तुमचं?"

"अगं, आपल्यात तुझंमाझं काय..."

"पावसाळ्यात त्याला ताप आला तवा 'तुझं बोकड, तूच बघ' कोण म्हनलं हुतं?"

मी परत जमिनीकडं बघितलं. ह्यावेळी सराव लागला नाही.

सखूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे मार्थाबाई. देवाचं झालं ते झालं. करुणी जाईल पुढच्या साली." आणि मग कुठं मला त्या फीची गोष्ट कळली. करुणा फाटकाला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती मला बघून हसली, म्हाताऱ्या माणसाला बघून हसतात तसं.

"बोकड परत द्या," मी पाळकसाहेबांना म्हटलं.

"आण्णा, रीत तुम्हाला ठाऊक आहे. बोली लागल्याशिवाय..."

"लावा की मग!" मार्था म्हणाली. "तुमीच दिलाय, तुमीच सोडवा. पर सोताच्या मालातनं! माझ्या कोंबड्याकडं बघायचं न्हाई!"

मी हिशोब केला. रान पोराच्या नावावर. घर अजून मेलेल्या बापाच्या नावावर. कोंबड्या हिच्या. नीट आठवून बघितलं तर जगात माझी म्हणावी अशी एकच वस्तू होती, आणि ती फाटकाबाहेर उन्हात चमकत उभी होती.

मी किल्ली काढून चिंचेखाली ठेवली. तिच्याबदली बोकड सुटला.

मग फटफटीवर बोली लागली. घेतली कुणी? शमुवेलनं! घेतल्या घेतल्या रीतीप्रमाणं परत दान केली. पाळकसाहेब म्हणाले, आता पुन्हा बोली नको, वाड्यावस्त्यांवर आजाऱ्यांना भेटायला जायला मंडळीला गाडी पाहिजेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (म्हणजे देव खरंच लोणंदला जात होता. आजवर चालत.) चार दिवसांत मागच्या मडगार्डवर लाल अक्षरं आली : 'सुभेदार शमुवेल यांजकडून सप्रेम भेट'. पंख्यावरचं नाव नुसतं गोल फिरत होतं. आता ते गावोगाव पळतंय.

घरी आल्यावर मी मार्थाला म्हटलं, "एवढं चांगलं काम करायला निघाली हुतीस, तर मला सांगायला काय झालं हुतं?"

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "उपदेशात काय सांगितलं? डाव्या हाताला कळू दिऊ नका."

मी जेवता जेवता थांबलो. लग्न झाल्यापासून मी समजत होतो, की घरातला उजवा हात मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्याला दोरीला धरून चालत लोणंदला निघालो, बोकडाच्या व्यापाऱ्याकडं. फटफटी नव्हती, आणि बोकड कुणासाठी विकतोय ते कुठं बोलायचं नाही, अशी मार्थानं बंदी घातली होती. एसटी स्टँडपाशी चहावाल्यानं हाक मारली, "आण्णा, सकाळी सकाळी बोकड घिऊन कुठं? कुणासाठी इकताय?"

माझ्या जिभेवर सगळी गोष्ट आली. मी ती चहाबरोबर गिळली आणि म्हटलं, "मला काय ठाव बाबा? मी डावा हात हाय."