हब लावले का?

माझी पोस्टिंग अरुणाचलमध्ये होती. मी लष्करात नाईक, एमटी म्हणजे गाड्यांच्या विभागात ड्रायव्हर. सोबत वरिष्ठ हवालदार, आमच्याच नांदेडकडच्या मुखेडचे; मी त्यांना उस्ताद म्हणायचो. आठ किलोमीटरवरच्या पोस्टला रोज रेशन पोचवायचं. आमच्या जुन्या फोर बाय फोरला नुसता लिव्हर ओढून भागत नसे. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करावे लागत, तेव्हाच पुढची चाकं ओढायची. उस्ताद रोज विचारायचे, "हब लावले का रे?" मला त्याचा कंटाळा यायचा.

एका सकाळी मी चाकांकडे न बघताच "लावले" म्हणालो. सात चाळीसला गाडी नाल्याच्या मधोमध रुतली. पाणी चढत होतं. उस्तादांनी वायरलेसवर कळवलं, "गाडी नाल्यात. पाणी वाढतंय. ओव्हर." मग मला म्हणाले, "स्टेअरिंग सोडू नको." उतरले. डावा हब लावला, उजवा लावला, बोनेटवर थाप मारली. गाडी काठावर चढली. मी वळून पाहिलं तेव्हा नाल्यात कुणीच नव्हतं.

निवृत्त झाल्यावर मी नांदेडला आलो आणि आधी उस्तादांच्या पत्नीकडे, वहिनींकडे गेलो. खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला उगंच वाचवलं न्हाई, भाऊजी. आता मला दवाखान्यात नेत जा." त्यांचं डायलिसिस तेव्हाच सुरू झालं होतं. उस्तादांनंतर माझ्यावर एवढे उपकार दुसऱ्या कुणी केले नाहीत.

वहिनी शहराच्या कडेच्या वसाहतीत राहतात. दवाखाना सहा किलोमीटर, आठवड्यातून दोन खेपा. मी तसल्याच हबची जुनी जीप घेतली आहे. गल्लीवाले चेष्टा करतात, भाजी आणायला तोफ कशाला म्हणून.

मागच्या पावसाळ्यात एकदा उघडीप होती. रस्ता वाळलेला दिसला, गुडघेही दुखत होते. मी तसाच सीटवर बसलो. वहिनी पिशवी घेऊन दारातच थांबल्या.

"हब लावले का?"

मी उतरलो. डावा लावला, उजवा लावला. पुढच्या वळणावर पाइपलाइनसाठी रस्ता खोदून ठेवला होता, काळ्या मातीचा नुसता राडा. दोन रिक्षा रुतून बसल्या होत्या. मी लिव्हर ओढला. पुढच्या चाकांनी ओढून काढलं.

नऊला वहिनी मशीनवर होत्या. मी पार्किंगमध्ये वाकून हब मोकळे केले. उजव्या चाकाशी जरा थांबलो.

"पोचवलं, उस्ताद."