आधी वाचून दाखव: कमलाअक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त

कमलाअक्कांची आणि माझी पहिली भेट तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या गच्चीवर झाली. मी नोकरीसाठी साताऱ्याहून चेन्नईत नुकतीच आले होते. गल्लीतल्या कला-संगीत उत्सवाच्या अनुदानासाठी इंग्रजीत अर्ज लिहिणारं कोणी हवं आहे, असं कळलं म्हणून गेले. अक्का तंजावरी मराठी घरातल्या, सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन हा उत्सव चालवणाऱ्या. त्यांनी आधी "जेवलीस का गं?" एवढंच विचारलं आणि पान वाढलं. कामाचं बोलणं नंतर.

त्या वर्षी परिस्थिती अवघड होती. आदल्या वर्षी अनुदान नाकारलं गेल्याने उत्सव झालाच नव्हता. पुन्हा नकार आला असता, तर तो कायमचा बंद पडला असता. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला माझ्या इंग्रजीचा फार अभिमान. मी जीव ओतून अर्ज लिहिला.

अक्कांची एक रीत आहे. अर्जात ज्यांची नावं आहेत, त्यांना वाचून दाखवल्याशिवाय त्या अर्ज पाठवू देत नाहीत. मुदतीच्या शेवटच्या दुपारी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. मी वाचायचं, त्यांनी तमिळमध्ये सांगायचं. परई नावाचं चामड्याचं वाद्य वाजवणारे मुरुगनअण्णा यांचा परिच्छेद आला. 'लुप्त होत चाललेली कला, असहाय कलाकार,' असं मी लिहिलं होतं.

"लुप्त?" अण्णा उसळले. "काल देवळाच्या उत्सवात चार तास वाजवलं. खांदा अजून ठणकतोय. मग हा खांदा कुणाचा, माझ्या आजोबांचा?"

सगळे हसले. मी कुरकुरले, "अक्का, असं लिहिल्याशिवाय अनुदान मिळत नाही."

"सरी, बरं, मग नको मिळू दे," अक्का शांतपणे म्हणाल्या. "जे त्यांच्यासमोर वाचवत नाही, ते त्यांच्यामागे कशाला लिहायचं? काय हवंय ते त्यांनाच विचार की."

मी विचारलं. अण्णांना शिकणाऱ्या मुलांसाठी वाद्यं हवी होती. आजवर ती मुलं पत्र्याच्या डब्यांवर सराव करत होती. तेवढंच लिहून आम्ही मुदत संपता संपता अर्ज पाठवला.

महिन्याभराने अनुदान देणाऱ्या संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत. त्यांनी थेट अण्णांना विचारलं, "पैसे कशासाठी?" अर्जातला शब्द न् शब्द अण्णांच्या कानावरून गेलेला होता. त्यांनी मुलांना बोलावून डब्यांवर वाजवून दाखवायला लावलं. अनुदान मिळालं.

मंजुरीचं पत्र आलं, तेव्हा अक्कांनी मला साताऱ्याला फोन लावायला सांगितला. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. मी पत्र मराठीत सांगितलं. आईने विचारलं, "पत्रावर तुझं नाव आहे?" होतं. अर्ज पाठवताना अर्जदाराच्या रकान्यात अक्कांनी स्वतःऐवजी माझं नाव घातलं होतं, हे मला तेव्हा कळलं. लिहिता येणं आणि कुणाच्या वतीने लिहिणं यांतला फरक मी त्यांच्याकडे शिकले.

हा लेखही मी आधी अक्कांना वाचून दाखवला. 'थोर' हा शब्द त्यांनी काढायला लावला, मी काढला. "अक्कांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो आणि दर वर्षीचा अर्ज ऐकायला त्या गच्चीवर असोत," हे वाक्यही त्यांना जास्तच वाटलं. ते मात्र मी काढलेलं नाही. मुरुगनअण्णांनाही वाचून दाखवलंय. त्यांची हरकत नाही.