आतली खिट्टी

पोटात गोष्ट ठेवावी ती मुखरू सुतारानेच, असं चामोर्शीच्या आसपासच्या गावांत सगळे म्हणत. खोटं नव्हतं ते. त्याचा धंदाच तसा होता. चारचौघांत तो नांगर करी, वखर करी, बैलगाडीची चाकं करी. पण ज्याच्या घरात काही लपवण्याजोगं असे, तो माणूस भर दुपारी त्याच्या अंगणात येऊन उगाच पावसापाण्याच्या गप्पा मारत बसे आणि उठता उठता हळूच म्हणे, "मुखरूभाऊ, थोडं आतलं काम होतं."

आतलं काम म्हणजे चोरखोली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सक्तीच्या धानवसुलीचे, लेव्हीचे शिपाई घरोघर धान मोजत फिरले, तेव्हा मुखरूने चार खोल्या बांधल्या. पुढे रझाकार येणार अशी हूल उठली, त्या एका उन्हाळ्यात आणखी पाच झाल्या. लोक जितके घाबरत, तितकं मुखरूला काम मिळे. गंमत अशी, की त्या सगळ्यांत मोठा भित्रा तो स्वतःच होता. मागून कोणी हाक मारली तरी त्याच्या हातातला लाकूड तासायचा वाकस थबकायचा. कदाचित म्हणूनच लपण्याच्या जागा त्याला इतक्या चांगल्या सुचत.

त्याची रीत साधी होती. घरातल्या शेवटच्या भिंतीच्या दोन-तीन हात अलीकडे बांबूच्या कुडाची दुसरी भिंत घालायची, शेणमातीने अशी लिंपायची की जुनी-नवी ओळखू येऊ नये. भिंतीवर दोर-मुसकी अडकवायला पाच खुंट्यांची फळी ठोकायची. त्यातली एक खुंटी फिरवली की भिंतीचा तुकडा दारासारखा पुढे येई. कुठली खुंटी, ते फक्त घरधन्याला माहीत.

आणखी एक गोष्ट होती, ती घरधन्यालाही माहीत नसे. प्रत्येक दाराला मुखरू आतून उघडता येईल अशी एक खिट्टी बसवी. उमेदवारीच्या दिवसांत तो असंच एक दार ठोकताना आत अडकला होता; उस्ताद बाजाराला निघून गेला आणि हा पोरगा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत काळोखात बसून रडला होता. धानाच्या खोलीला आतून खिट्टी कशाला, असं कोणी विचारलं असतं तर त्याला उत्तर देता आलं नसतं. म्हणून त्याने कधी कोणाला सांगितलंच नाही.

अधूनमधूनच्या धरून अशा तेरा खोल्या त्याने बांधल्या. चौदावी लटारू पाटलाची, आणि ती शेवटची.

लटारू पाटील साठ एकर धानाचा धनी. बायको कधीच वारलेली, पदरात दोन मुली. थोरली मनकर्णा सासरहून परत आली होती; का आली, ते कोणी विचारलं तर पाटील पान थुंकायला उठायचा. धाकटी रुखमा, तिचं लग्न ठरत होतं. चोपन्न सालची दिवाळी झाली आणि पाटलाने मुखरूला बोलावलं.

"धानाची खोली पाह्यजे. धान भरायच्या ढोलीच्या मागं."

मुखरूला पहिलं नवल इथेच वाटलं. धान्यावरचा कंट्रोल उठला होता, लेव्ही गेली होती. आता धान लपवायचं तरी कोणापासून? मग पाटील म्हणाला, कोपऱ्यात एक मोरी काढ. मग म्हणाला, कौलांखाली वारा यायला हातभर फट ठेव. धानाला मोरी कशाला लागते? धान काय अंग धुतं? मुखरूच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. शेवटी पाटील दुसरीकडे बघत बोलला, "खिट्टी भायेरूनच ठेवजो. आतून काई नको."

मुखरूने मान डोलावली आणि बांबू मोजायला घेतले.

तिसऱ्या दिवशी त्याने बिडी पेटवायला विस्तव मागितला. मनकर्णा चुलीतला निखारा पळसाच्या पानावर घेऊन आली. पान जळालं, निखारा तिच्या बोटाला टेकला, करपलेल्या कातड्याचा वास मुखरूच्या नाकात शिरला; आणि पोरगी आपली शांत उभी, त्याच्या कामाकडे कौतुकाने बघत.

"मनू माय, बोट!" मुखरू ओरडला.

तिने खाली पाहिलं आणि निखारा टाकला. दुखल्याचं नाव नाही. बोटाकडे ती अशी बघत राहिली, जसं काही ते दुसऱ्या कोणाचं आहे. महारोग. निखारा दोघांच्या मध्ये जमिनीवर पडून होता. मुखरूने तो उचलला नाही आणि बिडी कानावर खोचून टाकली. हे मनकर्णाने पाहिलं. तिने पाहिलं हे मुखरूनेही पाहिलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण त्या दिवशी नदीवर जाऊन त्याने राखेने तीनदा हात धुतले.

पाटलाने ओळखलं, की सुताराला कळलं. त्याला गोठ्यात नेऊन तो म्हाताऱ्या बाईसारखा रडला. "फागुनात रुखमाचं लगन हाये मुखरू. तोवरच. मंगरवारी बाजारात ते दवाखान्याची जीप येते, डॉक्टर घरोघर फिरून पाहून राह्यला. कोनाच्या नजरंत आलं तं दोन्ही पोरी घरातच राह्यतीन. लगन झालं का काढतो मी तिले भायेर."

"बरं," मुखरू म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तो काही वाईट बाप नव्हता. घाबरलेला बाप होता, आणि घाबरलेल्यांचंच काम तर मुखरूने जन्मभर केलं होतं.

पण खिट्टीशिवाय दार करायला त्याचा हात वळेना. आणि खिट्टी केली तरी काळोखात ती पोरीला कशी सापडावी? सांगायची तर सोय नव्हती; पाटील सावलीसारखा पाठीशी. विचार करता करता मुखरूला तान्हा पोळा आठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडाचे नंदी घेऊन घरोघर फिरतात, ते गावभरचे नंदी मुखरूच करी. त्याच्या नंदीत एक खोडी असायची. वशिंड दाबलं की पोटाखालची झडप उघडे आणि आत फुटाणे असत. सात वर्षांची मनकर्णा आपल्या नंदीचं वशिंड दाबून दाबून थकत नसे. झडप मोडली तेव्हा ती रडत त्याच्याकडेच आली होती.

मुखरूने दाराच्या आतल्या फळीवर वीतभर नंदी कोरला. त्याचं वशिंड म्हणजेच खिट्टीची कळ.

"हा नंदी काऊन?" पाटलाने विचारलं.

"शुभ असते, धानाच्या खोलीले," मुखरू म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाशी खोटं बोलला.

आठ दिवसांनी गावात बातमी आली, मनकर्णा सिरोंच्याला मावशीकडे गेली. बायांनी विचारपूस केली, पुरुषांनी माना डोलावल्या, आणि विषय संपला. मुखरूचा मात्र तिथून सुरू झाला. त्याला घास उतरेना. नंदी दिसला असेल का तिला? फटीतून उजेड किती येतो? वशिंड दाबायचं सुचेल का? बांबूची पट्टी ओली तर नव्हती, फुगून बसली असेल तर? त्याची बायको गुणाबाई ताटाकडे बघून एकदा म्हणालीच, "कोनाचं मढं लपवून आले का जी?" मुखरू ताटावरून उठला. तिने पुन्हा विचारलं नाही, पण ती बिनडोक्याची नव्हती.

मग तो दररोज दुपारी पाटलाच्या परसामागच्या चिंचेखाली जाऊन बसू लागला. मळणीचे दिवस होते, दुपारी सगळं घर खळ्यावर असे. हातात गाडीचा कणा घेऊन तो तासत बसे आणि नजर परसदारावर ठेवी. एका कण्याला असं किती तासणार! शेवटी तो मुसळाएवढा उरला. पोरगी खिट्टी काढून परसदारापर्यंत आली, तर काय करायचं? ते त्याने ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे ती यावी असंही त्याला वाटे आणि येऊ नये असंही.

पुसाच्या महिन्यात एका दुपारी परसदार हललं. बोटभर, मग चार बोटं. फटीत काळोख होता. मुखरूने कणा खांद्यावर टाकला आणि मागे न बघता घरी चालता झाला. गाय असेल, असं त्याने वाटभर स्वतःला सांगितलं. पाटलाच्या गाई त्या वेळी रानात असतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानंतर तो चिंचेकडे फिरकला नाही.

माघात पाटलाचा निरोप आला. खुंटी कुरकुरते, पाव्हणे यायच्या आत तेल घाल. पाटलाने खुंटी फिरवून दार उघडलं, तोच ओसरीवरून कोणाची तरी हाक आली आणि तो बाहेर गेला. मुखरू दारात एकटाच उभा राहिला.

मनकर्णा चटईवर बसली होती. खोली झाडलेली, लिंपलेली. कानाच्या पाळ्या जाड झाल्या होत्या, पण चेहरा तोच होता. मुखरूने आधी दाराच्या आतल्या बाजूकडे पाहिलं. नंदीचं सगळं अंग धुळकट आणि वशिंड तेवढं लखलखीत, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. त्याला इतका आनंद झाला की तेल घालायचं तो विसरूनच गेला.

"सापडला तुले नंदी?"

"पयल्याच दिवशी," ती म्हणाली.

"मंग गेली काऊन नाई माय?"

"कुठी जाऊ?" तिने सरळ विचारलं. रागाने नाही. "सासरचे घेत नाईत. बाबा घाबरते. रोज दुपारी दार उघडत होती, परसात उभी राहून परत येत होती. मंग तुमी चिंचेखाली दिसले. आठ दिवस परसदाराच्या फटीतून पाह्यलं तुमाले. वाटलं, हे माह्यासाठीच बसून राह्यले. म्हनून एक दिवस दार उघडलं. तुमी तं उठून गेले, भाऊ."

मुखरूने चौकट धरली. गाय होती, असं सांगायचं त्याच्या जिभेवरही आलं नाही. आपण जन्मभर आतून खिट्टी ठेवली याचा त्याला केवढा अभिमान! आणि खिट्टी काढून माणूस बाहेर आलं, तर हा शहाणा पळून गेला.

मागे पाटील येऊन उभा होता. त्याने काय ऐकलं, किती ऐकलं, कोण जाणे. त्याची नजर मात्र नंदीच्या लखलखीत वशिंडावर खिळली होती. "मुखरू," तो म्हणाला, "चालता हो."

मुखरू पाटलाकडे न बघता आत बघून मोठ्याने बोलला, ओसरीवरच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मनू माय, मंगरवारी मी गाडी जुंपून चिंचेखाली बसतो. जीप दिवस बुडेपर्यंत बाजारात असते. गोळ्या घेतल्या तं लोकं बरे होते म्हनते. तू ये नाईतं नको येऊ. मी उठून जात नाई."

"लगन मोडन माह्या पोरीचं!" पाटील ओरडला.

"दोघी तुमच्याच पोरी हायेत, पाटील," मुखरू म्हणाला आणि निघाला. इतकं बोलायला त्याला पंचेचाळीस वर्षं लागली होती. घरी जाऊन त्याला थंडी भरून आली.

मंगळवारपर्यंत गावभर झालं होतं. सकाळी मुखरू गाडी जुंपायला गेला तर गाडीत धानाचं तणस पसरून वर वाकळ घातलेली. गुणाबाई चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत होती. "दोघांच्या बांधल्या हायेत," एवढंच ती म्हणाली.

तो चिंचेखाली बसला. कणा नव्हता, वाकस नव्हता, करण्यासारखं काहीच नव्हतं. लोक बाजाराला जाता जाता थांबून बघत. कोणी हसलं, कोणी थुंकलं, एकाने तर त्याला दिलेलं वखराचं काम तिथल्या तिथे परत मागितलं. दुपार झाली. परसदार बंदच. पाटलाने नंदी उखडून टाकला असेल, खुंटी ठोकून पक्की केली असेल, पोरीला खरंच सिरोंच्याला धाडलं असेल. ऊन कलायला लागलं. बैलांनी दोनदा मान झटकली. जीप आता निघेल, असं त्याच्या मनात आलं, तेवढ्यात परसदार हललं.

बोटभर, मग चार बोटं. मग पुरतं उघडलं आणि बोचकं घेतलेली मनकर्णा उंबऱ्यात आली. तिच्या मागे घराच्या पार पलीकडे समोरच्या ओसरीवर पाटील पाठ करून बसलेला दिसत होता. तो अडवायला उठला नाही.

मुखरू त्याच जुन्या सवयीने दचकून उठला. पोरगी उंबऱ्यातच थबकली. तिच्या चेहऱ्यावरची भीती त्याने पाहिली आणि तिला काय वाटलं ते त्याला कळलं. तो भराभरा परसदाराकडे चालत गेला. उंबरा उंच होता, पोरीचे पाय बधिर झाले होते. त्याने हात पुढे केला. करपलेल्या बोटाचा व्रण असलेला तिचा हात त्याच्या हातात आला, आणि सगळ्या गावादेखत गाडीपर्यंत त्याने तो सोडला नाही.