खारवलेले हात

बर्नडेटला महारोग झाला, ही बातमी भाईंदर पश्चिमेच्या बाजारगल्लीत मासळीच्या आधी पोचली, आणि खरं सांगायचं तर मासळीपेक्षा ताजी होती. कुणी म्हणालं, उत्तनच्या त्या मासेवालीचं नख सुरमईच्या कल्ल्यात सापडलं. कुणी म्हणालं, नख कसलं, अख्खं पेर. गल्लीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गोदूबाईंनी ते पेर स्वतः पाहिलं नव्हतं, पण पाहणारीला पाहिलं होतं, म्हणजे झालंच की. आठवडा उलटेपर्यंत प्रकरण इतकं वाढलं की बर्नडेटला बोटंच उरली नाहीत, आणि ती बिचारी रोज सकाळी उत्तनच्या बसमधून उतरून त्याच न उरलेल्या बोटांनी डोक्यावरची पाटी खाली घेत राहिली.

तर आधी हे साफ करून टाकू. बोटं दहाच्या दहा होती. महारोग नव्हता. जे झालं होतं ते एका मलमाच्या ट्यूबने झालं होतं. निळ्या पट्टीची, अंगठ्याएवढी ट्यूब, औषधाच्या कुठल्याही दुकानात मागावी आणि मिळावी. पण महारोगात जी गोडी आहे ती ट्यूबमध्ये कुठली? गल्लीने महारोगच ठेवून घेतला.

बर्नडेट म्हणजे जिभेने तिखट आणि हाताने बिनचूक बाई. भाव सांगताना असं तोंड करायची की गिऱ्हाइकाला वाटावं आपण हिच्या पोरांच्या तोंडचा घास काढतोय. आणि पैसे कमरेला खोचले की लगेच हसायची. कोयत्यावर मासा धरला की तो तिच्या हातात पुन्हा पोहतोय असं वाटायचं. पण तिचं खरं नाव होतं खाऱ्या माशासाठी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या, ताजी मासळी महागली, की बाजारात तिच्या खाऱ्या घोळीला आणि दाढ्याला मागणी यायची. त्यावर घराचे ते चार महिने निघायचे.

खारवण्याची रीत ती सासूकडून शिकली होती आणि सासूसारखीच बोलून दाखवायची. मासा चिरायचा, उघडा करायचा, मीठ मुठीने घ्यायचं आणि चोळायचं, नुसतं शिंपडायचं नाही. मग पिंपात थरावर थर, वर फळी, फळीवर दगड, तोंड घट्ट बांधलेलं. "मिठाला हात आखडला त्याचा मासा कुजला," असं ती नव्या सुनांना सांगायची. मीठ जितकं जाड, दाब जितका घट्ट, तितका मासा टिकाऊ. यात तिची कधी चूक झाली नाही, आणि घोळ इथेच झाला.

मुंबईत दंगली झाल्या त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. खारवणीचा हंगाम संपला आणि तिच्या हातांना खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यात, मग मनगटापर्यंत. कातडी लाल झाली, चिरली, चिरांत मिठाचं पाणी गेलं की डोळ्यांत पाणी. खोबरेल झालं, कडुलिंबाचा पाला झाला, चर्चमधून आणलेलं पवित्र पाणी झालं. शेवटी नवरा सॅम्युएल वैतागला. तसा तो थंड माणूस, वादळात होडी सापडली तरी आधी बिडी विझणार नाही हे बघणारा.

"दवाखान्यात जा न् काय ता. रातभर खरवडतंस, मना वाटते घरात उंदीर शिरलाय."

"उंदीर शिरला असता तर बरा व्हता. तो तरी गप बसून खातो."

भाईंदरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने हात पाहिले आणि निळ्या पट्टीची ट्यूब लिहून दिली. वर बजावलं, "पातळ लावा, मटारच्या दाण्याएवढं पुरे. पाच दिवस. मग बंद. आणि मिठाच्या पाण्यापासून हात लांब ठेवा." शेवटचं वाक्य ऐकून बर्नडेट मनातल्या मनात हसली. उत्तनच्या बाईला मिठापासून लांब राहा म्हणणं म्हणजे माशाला पाण्यापासून जपून राहा म्हणणं. आणि मटारच्या दाण्याएवढं? हा माणूस मलमालाही कंजूस, असं तिला वाटलं.

तरी पहिले दोन दिवस तिने सांगितल्यासारखं केलं. खाज गेली, अशी गेली की बाईला हर्ष मावेना. मग तिच्यातली खारवणारी जागी झाली. थोड्याने एवढं होतं तर जास्तीने किती होईल? तिने बोटभर मलम पिळलं, दोन्ही हातांना मनगटापर्यंत चोळलं, घोळीला चोळते तसं. वर दुधाच्या रिकाम्या पिशव्या घातल्या, मनगटाशी रबर लावलं. तोंड घट्ट, दाब पक्का. सकाळी पिशव्या काढल्या तर हात पोरीच्या हातांसारखे. सॅम्युएलला उठवून दाखवले.

"बघ. लग्नात असंच व्हतं ना?"

"लग्नात हातांना बोंबलाचा वास नव्हता," सॅम्युएल म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

पाच दिवस संपले, ट्यूब संपली, मलम थांबलं. आठवड्यात खाज परत आली, आणि आली ती सोबत चुलत भावंडं घेऊन. आता डॉक्टरकडे कशाला जायचं? तेच मलम लिहून देणार. ती सरळ औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार तिला ओळखायला लागला. "क्या चाची, खतम हो गया?" असं विचारत तो ट्यूब पुढे सरकवायचा. त्याने कधी विचारलं नाही की हे कशाला, किती, कधीपर्यंत. तिनेही विचारलं नाही. पोटात घ्यायची गोळी असती तर ती घाबरली असती. वरून लावायच्या औषधाला कोण घाबरतं?

घरात तर ट्यूबला देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीइतका मान. सॅम्युएलच्या जांघेत नायटा झाला, त्याने गुपचूप तिथे लावलं. चार दिवस आराम, पाचव्या दिवसापासून नायटा कमरेला वळसा घालून पाठीकडे निघाला. होडीवरचे गडी सांगतात, त्या हंगामात त्यांचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या सॅम्युएल, एक हात सुकाणूवर आणि दुसरा कुठे ठेवून होडी हाकत होता. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण शेजारच्या सगळ्या तारोडी गावालाही ठाऊक आहे.

दोन पावसाळे असे गेले. मग बर्नडेटच्या हातांचं काहीतरी बिनसलं. खाज नव्हती, पण कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. आतल्या निळ्या शिरा बघायला दिवा नको. जागोजागी पांढुरके डाग. मांदेलीचा काटा लागला तरी रक्त, आणि तेवढीशी जखम महिनाभर उघडी. पाटीची कड लागली की जांभळा ठिपका, जणू कुणी चिमटे काढलेत. तिने जास्त मलम लावलं. दुसरं करणार काय, तिच्याकडे तोच एक उपाय होता.

ते हात बाजारात सगळ्यांसमोर कोयत्यावर. उत्तनजवळच्या डोंगरी गावची सरूबाई शेजारी बसायची, वर्षानुवर्षं. एकीचा बर्फ संपला तर दुसरीचा घ्यायचा असा घरोबा. सरूबाईने ते डाग पाहिले, काळजीने दोन बायकांना सांगितले, आणि त्या दोघींनी काळजी वगळून पुढे चारशे जणींना. गिऱ्हाईक आधी म्हणायचं, आज नको, गुरुवार आहे. मग शुक्रवारीही गुरुवार निघायला लागला. गोदूबाई लग्न होऊन आल्यापासून बर्नडेटकडून मासे घेत होत्या, त्या पदर नाकाशी धरून सरूबाईकडे वळल्या. गावात एका बारशाला पिठाचे गोड फुगे तळायचे होते. पीठ हाताने उचलून कढईत सोडायचं, तिथे दरवेळी बर्नडेट बसायची. या वेळी यजमानीण हसून म्हणाली, "तू आराम कर, बाय, पाव्हण्यांना पाणी दे." आणि पाण्याचा तांब्याही कुणी तिच्या हातून घेतला नाही. ती मागच्या दाराने घरी आली. आली आणि चुलीपाशी हात मांडीखाली घालून बसली, म्हणजे ते आपले आपल्यालाही दिसू नयेत.

"मना झालाच असंल काय रे तो रोग?" तिने सॅम्युएलला विचारलं. त्या बाईने आयुष्यात नवऱ्याला पहिल्यांदा मनापासून काही विचारलं असेल. सॅम्युएलने बिडी विझवली.

तो तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेला. कातडीची डॉक्टरीण तरुण होती. तिने डोळे मिटायला सांगितले आणि डागांवरून हळूच कापूस फिरवला.

"लागतंय?"

"लागतंय. गुदगुल्या व्हतात."

टाचणी टोचली.

"आई गं! कळतंय, कळतंय!"

"मग महारोग नाही," डॉक्टरीण म्हणाली. बर्नडेट तिथेच रडायला लागली. डॉक्टरणीने विचारलं, "हातांना काय लावत होता?"

बर्नडेटने पदराच्या गाठीतून ट्यूब काढली. किती लावता, तर तिने अख्खी मूठ दाखवली. आणि वरून? दुधाची पिशवी. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं.

"पिशवी कोणी सांगितली तुम्हाला?"

"सांगंल कोण? मीठ लावून मासा असाच बांधतो आमी. घट्ट बांधला तर आत मुरते."

"तेच झालं, मावशी. मुरलं. हे औषध जोरदार आहे, चार दिवस पातळ लावलं तर सूज ओढून घेतं. महिनोन् महिने जाड लावलं आणि वर पिशवी बांधली तर कातडीच खाऊन टाकतं. मासा मेलेला असतो, त्याला टिकवायचं असतं. तुमचा हात जिवंत होता, त्याने सगळं पिऊन घेतलं."

सॅम्युएलने घसा खाकरून नायट्याचं विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, नायट्याला हे लावणं म्हणजे चोराला घरात घेऊन बाहेरून कडी घालणं. बर्नडेट रडता रडता हसली. हसू तेवढंच. पुढचं ऐकून ते गेलं. मलम एकदम तोडायचं नाही, एक दिवसाआड, मग सौम्य मलम पातळसं, मग नुसतं व्हॅसलीन. सोडताना आग होईल, हात सुजतील, धीर सोडायचा नाही. पिशवी कधीच नाही. मिठात हात कधीच नाही.

"आणि कातडी? पयलेसारखी व्हईल?"

डॉक्टरणीने खोटं सांगितलं नाही. "थोडी भरेल. डाग काही जातील. पण पातळ झालेली सगळी परत येणार नाही."

पुढचे दोन महिने उत्तनच्या त्या घराने कसे काढले ते शेजारच्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायचं. हात टमाट्यासारखे सुजले, पाणी लागलं तरी जळायचे. बर्नडेट ट्यूबसाठी भांडली, शिव्या दिल्या, एकदा सॅम्युएलच्या पाया पडली. ती गुपचूप दुकानात जाऊ नये म्हणून सॅम्युएल बसचे पैसे खिशात घेऊन झोपायचा. तिने एकही नवी ट्यूब आणली नाही. पण हाताने वेणीही घालता येईना, ती त्याने घातली, जाळं विणतात तशी, गाठीगाठींची.

आणि मग उन्हाळा आला, खारवणीचा. मिठागरावरून मिठाची पोती आली. बर्नडेट पिंपाशी उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. मीठ सॅम्युएलने लावलं. "चोळ. अजून चोळ. कंजूस मेला! मुठीनं घे, चिमटीनं काय घेतंस?" ओरडता ओरडता तिचा आवाज बसला. आपलं एकुलतं एक कसब नवऱ्याच्या धसमुसळ्या हातात जाताना ती पाहत होती. पावसाळ्याचे चार महिने त्या पिंपावर होते. खारं विकलं नाही तर घर बसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पाऊस लागला. होड्या वर चढल्या. बर्नडेट आपल्या जागी जाऊन बसली, ताडपत्रीखाली, पुढ्यात घोळीच्या खाऱ्या तुकड्या. या वेळी शेजारी सॅम्युएल, कोयता त्याच्याकडे. बाजारात पुरुष मासे तोडतोय म्हणून पोरं हसून गेली. सरूबाई दोन हात सरकून बसली होती, तिच्याकडे गिऱ्हाइकांची गर्दी. बर्नडेटसमोर कुणी थांबत नव्हतं. तिने हात झाकले नाहीत. डाग फिके झाले होते, कातडी अजून चकाकत होती, सुरकुतीविना, म्हाताऱ्या बाईच्या अंगाला लावलेल्या दुसऱ्या कुणाच्या हातांसारखी.

दुपारी गल्ली रिकामी झाली. सरूबाईचा माल संपला, ती पाटी उचलून गेली, तेव्हा छत्री सावरत गोदूबाई आल्या. खाऱ्याशिवाय त्यांच्या मालकांना पावसात जेवण जात नाही. त्या दोन पावलं लांबच थांबल्या.

"बर्नडेट, बरी आहेस ना गं? नाही, लोक काहीबाही बोलतात. मी नाही विश्वास ठेवला हो." आणि मान पुढे करून, "जरा हात दाखव बघू."

बर्नडेटने दोन्ही हात पुढे केले, उलटे, सुलटे.

"अगंबाई, किती नाजूक झालेत!" गोदूबाई म्हणाल्या. "अगदी साहेबिणीसारखे. पण मासा तू हाताळला नाहीस ना?"

सॅम्युएलने कोयता खाली ठेवला. गोदूबाईंच्या मागे गल्लीत कुत्रंही नव्हतं, नुसतं पाणी वाहत होतं.

"न्हाय, बाय," बर्नडेट म्हणाली. "साहेबीण कवा मासा हाताळते काय? ती नुसती इकते. घ्यायचा तर घे, न्हायतर बाजूला सर, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."