तुटक्या टेपचा मिस्त्री

मी सायकल संघाची गाडी चालवायचो. शर्यतभर स्वारांच्या मागे राहायचं, टपावर जादा सायकली आणि शेजारी मिस्त्रीकाका. सव्वीस वर्षांत या माणसानं दुसऱ्या कुणाला सायकलीला पाना लावू दिला नाही. मी एकदा मदत म्हणून चेन पुसली, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्यांच्याकडे एक पोलादी टेप होती. तिचा पहिला सेंटिमीटर कधीच तुटून गेलेला. नवी घ्या म्हटलं की म्हणायचे, हिला काय धाड भरलीये? आणि तेही खरंच होतं. प्रत्येकाच्या सीटची उंची ते याच टेपनं मोजून वहीत लिहायचे, सायकल खोलून पुन्हा जोडली की याच टेपनं लावायचे. चूक दोन्ही वेळा सारखीच, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बारक्या हा आमचा तिशी ओलांडलेला स्वार. सहा वर्षं त्यानं इतरांना पाण्याच्या बाटल्या पोचवल्या. चढ आला की तो मागे पडायचा, संध्याकाळी गुडघे चोळत बसायचा. मग एका मोसमात दोन महिन्यांच्या आत हाच बारक्या डोंगरावर पहिल्या पाचांत यायला लागला. आम्ही आधी नाचलो. नंतर कुजबुज सुरू झाली.

तीनदा लघवी तपासली, दोनदा रक्त. काही सापडलं नाही. मग औषध नवं असणार, असं लोक म्हणाले. असल्या शहाण्यांचा मला मनापासून राग येतो, पण खोटं कशाला बोलू, संशय मलाही आला होता. बारक्याच्या मुलीला शाळेत पोरांनी विचारलं, तुझे बाबा सुई टोचून घेतात का?

त्याहून वाईट म्हणजे बारक्याचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. एवढी ताकद आली कुठून, हे त्यालाही कळेना. मालिशवाल्या ताईंच्या हातची बाटली तो घेईना, जेवण खोलीत एकटाच करी. कुणीतरी आपल्याला नकळत काहीतरी देतंय, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. शेवटी एका दुपारी तो राजीनामा खिशात घालून कार्यशाळेत आला आणि काकांना म्हणाला, सायकल उतरवून घ्या, माझं झालं.

काका हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. मग त्यांनी खणातून ती तुटकी टेप काढली आणि वही उघडून त्याच्यापुढे ठेवली.

त्या मोसमाच्या सुरुवातीला टेप मधोमध मोडली होती. नवी आणावी लागली, म्हणून काका वहीतले सगळे आकडे एकेक सेंटिमीटरनं कमी करत बसले. बारक्याच्या पानावर आले आणि थांबले. तो आकडा त्यांनी मोजलेलाच नव्हता. संघाच्या डॉक्टरांनी त्यांच्या चांगल्या टेपनं मोजून लिहून दिलेला होता. काकांनी मात्र तो सहा वर्षं तुटक्या टेपनं लावला. बारक्याची सीट सहा वर्षं एक सेंटिमीटर खाली होती. त्यामुळे पाय पुरता ताणला जात नव्हता, जोर वाया जायचा आणि सगळा भार गुडघ्यांवर यायचा.

"मग मी दर आठवड्याला दोन-दोन मिलिमीटर वर घेतली," काका म्हणाले. "तुला कळू नये म्हणून. तुझ्या अंगात काही नाही, पोरा. चूक माझी होती."

मला वाटलं बारक्या आता पाना उचलून मारतो. तो स्टुलावर बसला. बराच वेळ टेपचं तुटलेलं टोक अंगठ्यानं चाचपत राहिला.

"बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, माझ्यात तेवढा दमच नाही, तुम्ही उगाच आस लावून बसलात."

 

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं सगळं कबूल केलं, वही दाखवली. निम्म्या लोकांना पटलं, निम्मे म्हणाले, म्हाताऱ्याला पढवलंय. सव्वीस वर्षांचं नाव एका सकाळीत गेलं. बारक्यानं राजीनामा दिला नाही.

पुढच्या शर्यतीच्या सकाळी तो स्वतःची टेप घेऊन आला. कुणाशी न बोलता खाली वाकला, सीटची उंची मोजली आणि मग काकांच्या खोक्यातला पाना उचलून बोल्ट स्वतः आवळला. काकांनी सायकल धरून ठेवली होती. बारक्या निवृत्त होईपर्यंत ते दर शर्यतीला तेवढंच करायचे, सायकल धरायचे.