अंगणवाडीची नवी खोली

आमची अंगणवाडी मारुतीच्या सभामंडपात भरायची. सप्ताह असला की मुलं घरी, कुणाचं लग्न निघालं तरी मुलं घरी. गावाशेजारच्या शेतांत टॉवर उठायला लागले आणि बिल्डरला सार्वजनिक सोयीसाठी जागा सोडावीच लागते असं कळलं, तेव्हा मी मदतनीस मावशींना घेऊन ग्रामपंचायतीत ठाण मांडलं. किती हेलपाटे घातले, देव जाणे. शेवटी खोली मिळाली. गुळगुळीत फरशी, नळाला पाणी. मला रडूच आलं.

मग लक्षात आलं, तिथं जायचं कुठून? जागा सोडली होती ती पार मागच्या कोपऱ्यात, सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीला खेटून. गावाच्या अंगाला उंच भिंत. वाट एकच, सोसायटीच्या गेटातून.

रोज सकाळी माझी चिल्लीपिल्ली तिथं रांगेत उभी. "किस फ्लॅट में जाना है?" वॉचमन विचारायचा. कालही आम्हीच होतो, परवाही आम्हीच. पण सोसायटीतल्या कुणीतरी मोबाइलवर हो म्हटल्याशिवाय गेटचा आडवा दांडा वर करायचा नाही, अशी त्याला ताकीद. आमच्यासाठी हो म्हणणार कोण? सोसायटीचे सेक्रेटरी फोन उचलेपर्यंत पोरं उन्हात. एखाद्याची चड्डी ओली व्हायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, भिंतीला दार पाडायला सोसायटी न्हाई म्हणतीया. बिल्डर म्हणतो, ताबा दिला, माझा संबंध संपला. पर जागा तर मिळालीया न्हवं?"

"मग ती डोक्यावर घिऊन नाचू का?" मी म्हणाले आणि उठून आले.

परवा मुलांना खेळायला सोडलं होतं. चार वर्षांची एक पोरगी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि मावशींचा झाडू आडवा धरला. बाकीची पोरं आपणहून बाहेर रांगेत उभी राहिली.

"किस फ्लॅट में?" तिनं अगदी वॉचमनच्या सुरात विचारलं.

"शाळंत," पहिला म्हणाला.

"न्हाई. थांबा तितं."

मावशींना हसू आवरेना. मला मात्र हसू येईना. एरवी एका चेंडूसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटणारी ही पोरं. त्यातल्या एकानंही तो झाडू बाजूला ढकलला नाही. गुमान भिंतीला टेकून उन्हात उभी राहिली.