खोळंब्याचा आकार

बिजौलीच्या एका कारखान्यात माल उतरवायला आलेले ट्रक खोळंबले, की त्या दिवसांचा आकार, म्हणजे कारखान्याने गाडीमागे द्यायचं हॉल्टिंगचं भाडं, मी काढतो. तो ड्रायव्हर मला त्या एकाच खेपेत भेटला. पन्नाशीचा होता आणि बोलण्याआधी गमछाने हात पुसायचा, जणू शब्द हातातच द्यायचे आहेत.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बाबूजी, अम्मा बहुत बीमार हैं. गाड़ी आज खाली हो जाए तो घर निकल जाऊं."

गोदामात जागा नव्हती. थोडी खटपट केली असती तर झाली असती. मी म्हटलं, "कल देखते हैं." दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. भरलेली गाडी सोडून त्याला हलता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी रिकामी झाली. मी सही घ्यायला गेलो, तर तो म्हणाला, "अम्मा सुबह चली गईं."

नियमाने पहिल्या दिवसाचं हॉल्टिंग मिळत नाही. मी तोही दिवस हिशेबात धरला आणि त्याला तसं सांगितलं.

"वो तो गाड़ी के मालिक को मिलेगा, बाबूजी," तो शांतपणे म्हणाला. सही करून, हात जोडून तो गाडीत चढला.

त्याचं गाव दिवसभराच्या वाटेवर होतं. दहनासाठी तोवर कुणी थांबणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.